बोहणीआधीची उत्तरं

साकीनाक्याच्या वळणावर मेट्रोच्या खांबालगत सहदेवची केळ्यांची गाडी लागते. लविना परेरा कॉलेजला जाताना तिथं थांबून रोज चार केळी घ्यायची. दोन स्वतःसाठी, आणि दोन स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी न विचारता उचलायचंच. त्या मंगळवारी ती नेहमीसारखी थांबली आणि म्हणाली, "काय सहदेव, हात कसा आहे? डॉक्टर काय म्हणाले?" पंधरा दिवस त्याच्या उजव्या मनगटाला पट्टा होता, म्हणून विचारलं. सहदेवनं डावा हात हवेत उडवला. "एकदम झकास, मॅडम. टेन्शनच नाय." तिला बरं वाटलं. तिनं केळी घेतली, नोट दिली. त्यानं ती नोट आधी गाडीला लावली, मग कपाळाला, मग डब्यात टाकली, आणि किंचित पुढं वाकून, आवाज उतरवून म्हणाला, "ऑपरेशन सांगितलंय, मॅडम. नस दबलीय. ही दोन बोटं हलतच नायत. धंद्याची वाट लागणार बघा." लविना हसली, कारण तिला वाटलं तो चेष्टा करतोय. "अरे, आत्ता तर झकास म्हणालास!" "ते मगाशी," सहदेव म्हणाला, शेंबड्या पोरालाही कळावं अशा सहजपणे. "तेव्हा बोहणी कुठं झाली होती? बोहणीच्या आधी दुखणं-बिखणं तोंडातून काढायचं नसतं ना. आख्खा दिवस खराब जातो."

लविना दहा पावलं चालली आणि थांबली. मागून एक रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, मधेच काय उभ्या राहता?" ते तिनं ऐकलं, पण दुसऱ्याच कुणाला तरी म्हटल्यासारखं.  सकाळी साडेसात ते साडेआठ. तिच्या प्रबंधाच्या एकसष्टाव्या पानावर हे छापलेलं होतं. खारदांड्याच्या मासळीबाजारातल्या एकशे सोळा बायका, त्यांच्या आरोग्याची पाहणी, आणि 'मुलाखतींची वेळ' या मथळ्याखाली तिचा सगळ्यात लाडका परिच्छेद. घरी जाऊन विचारावं तर सासू आणि नवरा कान देऊन बसतात. दुपारी विचारावं तर बाई दमलेली, हो-नाहीच्या पुढं जायला तयार नाही. सकाळी मात्र पाट मांडून झालेले असतात, मासळी रचून झालेली असते, गिऱ्हाईक अजून यायचं असतं. तो तासभर बाई एकटी असते आणि मोकळी असते. म्हणून सकाळ. तिच्या मार्गदर्शकांनी, शरच्चंद्र सरांनी, समासात लाल पेनानं 'उत्तम' असं लिहिलं होतं. हा माणूस चहासुद्धा 'ठीक' म्हणून पितो. त्यानं उत्तम लिहिलं, म्हणून लविना त्या दिवशी स्टेशनपर्यंत रिक्षा न करता, एकटीच हसत, चालत गेली होती. पुढं तोच परिच्छेद ती एम.ए.च्या पोरांना शिकवू लागली. संशोधनाचा योग्य आराखडा कसा निवडावा, याचा नमुना म्हणून.

गिऱ्हाईक अजून यायचं असतं. म्हणजे बोहणी व्हायची असते. एकशे सोळा बायका, आणि प्रत्येकीला तिनं नेमक्या त्या तासात दुखणं विचारलं होतं, ज्या तासात दुखण्याचं नाव काढायचं नसतं. आणि प्रश्न तरी कसले! पहिले बावीस सोड. पाठ, गुडघे, डोळे, झोप. त्यांचं काय व्हायचं ते होवो. तेविसावा. 'गेल्या वर्षभरात छातीत गाठ, दुखणं किंवा वेगळा काही बदल जाणवला आहे का?' हा प्रश्न तिनं हट्टानं घातला होता आणि एका संस्थेच्या दवाखान्याशी बोलून ठेवलं होतं, की जी बाई हो म्हणेल तिची तपासणी फुकट, पुढचे उपचारही तेच बघतील. तीन जणी हो म्हणाल्या. त्या तिघींना ती स्वतः घेऊन गेली. दोघींची ऑपरेशनं झाली, वेळेत झाली, आणि त्यातल्या एकीनं नाताळला तिच्या घरी सुरमई पाठवली होती. ती सुरमई खाताना लविनाला वाटलं होतं, पीएच.डी. मिळो न मिळो, आपण काहीतरी केलं. आणि उरलेल्या एकशे तेरा नाही म्हणाल्या होत्या. हसून म्हणाल्या होत्या. तेव्हा तिला त्या हसण्याचं कौतुक वाटलं होतं. कष्टाचं अंग आहे, निरोगी आहे, असं तिनं लिहिलंसुद्धा होतं कुठंतरी.

चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणाला माहीत नसतं तर समजू शकलं असतं; कुणी पेडर रोडवरून गाडीतून उतरून पाहणी करायला आलेली बाई असती तर. पण लविना मरोळच्या गावठाणात वाढलेली, भाजी विकणाऱ्या बाईची मुलगी. तिची मम्मी, मार्सेलिना, वाडीतला मुळा आणि लाल माठ घेऊन अंधेरीच्या बाजारात बसायची. लविना आठ वर्षांची असताना एका सकाळी पप्पांनी तिला बाजारात पिटाळलं होतं, जा, मम्मीला सांग, ऑगस्टीनमामा विहिरीवर चक्कर येऊन पडला, गेला. ती धापा टाकत गेली आणि गोणपाटासमोर उभी राहून म्हणाली, "मम्मी, मामा मेला." मम्मीनं आधी इकडं-तिकडं बघितलं आणि मग तिच्या थोबाडीत मारली. एवढ्या जोरात, की शेजारची कांदेवाली म्हणाली, "अगो, पोर ती."  मम्मीनं मुळ्यावर पाणी शिंपडलं. एक बाई आली, जुडीवरून घासाघीस करू लागली, आणि मम्मी तिच्याशी हसून बोलली; खरंच हसून, "तुमच्या सासूबाईंना विचारा माझा मुळा कसा लागतो" वगैरे. पैसे घेतले, तराजूला लावले, कपाळाला लावले, मग त्याच हातानं क्रूस काढला. बाई चार पावलं लांब गेली आणि मम्मीच्या तोंडातून जो आवाज निघाला तो लविनानं परत कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. तीस वर्षं झाली. तीस वर्षं तिनं ती सकाळ मम्मीच्या विरुद्ध जपून ठेवली होती, की बघा, हिला सख्ख्या भावापेक्षा मुळ्याची जुडी मोठी. भांडण झालं की तिला ती सकाळ हटकून आठवायची. एकदाही, पाच वर्षं पाहणीचे आराखडे करताना एकदाही, तिच्या मनात आलं नाही, की ही माहिती आहे, आणि ती एकसष्टाव्या पानावर हवी. घरातलं ते घरातलं आणि संशोधन ते संशोधन, असं तिच्या डोक्यात कुणी कधी बसवलं होतं देव जाणे. आणि पाहणी चालू असताना रोज सकाळी डबा भरताना मम्मी म्हणायचीच ना, "बोहणीच्या आधी जातेस गो तू?" त्यावर लविना काय म्हणायची? "मी त्यांचा धंदा अडवत नाही, मम्मी. दहा मिनिटांचं तर काम." मम्मी गप्प बसायची. शिकलेल्या मुलीपुढं ती हल्ली पुष्कळदा गप्प बसते.

कॉलेजात पोचली कशी, ते तिला सांगता आलं नसतं. दहाचा तास होता आणि फळ्यावर तिच्याच अक्षरात मागच्या तासाचं शिल्लक होतं: सर्वेक्षण, मुलाखत, निरीक्षण, प्रयोग. चार शब्दांखाली चार नेटक्या रेषा. शीतल नावाची पहिल्या बाकावरची मुलगी, जिला शंका आल्याशिवाय तास गेल्यासारखा वाटत नाही, तिनं हात वर केला. "मॅडम, आपल्या विषयाला सर्व्हे बरा की मुलाखत, हे नक्की ठरवायचं कसं?" याचं उत्तर लविनाला झोपेतही देता आलं असतं. आधी प्रश्न, मग पद्धत; प्रश्न 'किती' असा असेल तर सर्वेक्षण, 'का' असा असेल तर मुलाखत; वेळ, मनुष्यबळ, नमुना. ती खडू घेऊन उभी राहिली. किती. तिनं किती विचारलं होतं, आणि तिला तीन असं उत्तर मिळालं होतं, आणि ते तक्त्यात टक्केवारीसकट बसलं होतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. शीतलनं वहीत काहीतरी लिहिलं, बहुतेक तेच लिहिलं. लविनानं खडूनं पांढरे झालेले हात ओढणीला पुसले आणि तास लवकर सोडला.

स्टाफरूमच्या कपाटात खालच्या खणात ते एकशे सोळा फॉर्म दोरीनं बांधून ठेवलेले होते. ती जमिनीवर बसली. प्रत्येक फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात तिनं वेळ लिहिली होती. शिस्त म्हणून लिहिली होती, पुढं कुठल्या तक्त्यात तिचा उपयोग केला नव्हता. सात चाळीस. सात पन्नास. आठ पाच. नाही, नाही, नाही. ती नुसते कोपरे आणि तेविसावा प्रश्न बघत गेली. आणि मग तो एक दिवस आला, ज्या दिवशी जुहूला तिची रिक्षा पंक्चर झाली होती आणि ती दांड्यात पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेले होते. त्या दिवशी तिला स्वतःचा फार राग आला होता. वेळेची शिस्त मोडली म्हणजे माहिती डागाळली. सरांना तिनं हे सांगितलं नव्हतं. प्रबंधात सगळ्याच मुलाखती साडेसात ते साडेआठ अशा दाखवल्या होत्या, आणि ते नऊ फॉर्म फाडून टाकावेत असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. नऊ फॉर्म होते. पहिला नाही. दुसरा हो. नाही, नाही, हो. ती थांबली, आणि उरलेले चार बघायची तिची हिंमत होईना, पण तिला पाठ होतं ते. तिन्ही हो त्याच नऊ फॉर्मांत होते. बाजाराला गिऱ्हाईक लागल्यानंतरच्या नऊ बायका, त्यांत तीन. बोहणीच्या आधीच्या एकशे सात बायका, त्यांत एकही नाही. कागद तिच्या मांडीवर होते आणि कानांत असा आवाज होत होता, जसं कुणी कुकर लावून विसरून गेलंय.

आणि याचं स्पष्टीकरणही तिनं दिलेलं होतं!   त्या नऊ जणी बाजाराच्या टोकाला, बर्फाच्या कारखान्याच्या बाजूला बसायच्या. तेव्हा तिनं पानभर लिहिलं होतं, की सतत गारठा, ओल, बर्फाच्या टोपल्या छातीशी धरून उचलणं, याचा संबंध तपासायला हवा. शरच्चंद्र सर म्हणाले होते, हा तुझ्या प्रबंधातला सगळ्यात मौलिक भाग. एका परिषदेत तिनं तो वाचला, टाळ्या पडल्या. दोन बाया वाचल्या त्या एका पंक्चरमुळं. तिची शिस्त जिथं मोडली तिथं बायका खरं बोलल्या, आणि जिथं ती शिस्तीत वागली तिथं तिनं एकशे सात जणींच्या तोंडून खोटं वदवून घेतलं. खोटं तरी कसं म्हणायचं? त्या तर जे बोलायचं असतं तेच बोलल्या. दिवस चांगला जावा म्हणून. आणि ते तिनं चौदा महिने खरं म्हणून सांभाळलं.

तिनं सरांना फोन लावला. त्यांना गोष्ट समजायला वेळ लागला नाही, हुशार माणूस, म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे. फार इंटरेस्टिंग आहे, लविना." मग म्हणाले, "हे बघ, माहिती गोळा झाली ती झाली. मर्यादांच्या प्रकरणात दोन ओळी घाल, की मुलाखतीच्या वेळेचा उत्तरांवर परिणाम झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तुझं शुक्रवारी सबमिशन आहे." "सर, पण त्या बायका..." "पुढील संशोधनासाठी सूचना, या भागात टाक. छान पेपर होईल त्याचा वेगळा." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिच्या वडिलांच्या आजारपणात दोनदा मुदत वाढवून दिली होती. पण लविनाला त्या क्षणी त्यांच्या आवाजात स्वतःचाच आवाज ऐकू आला, वर्गात फळ्यापाशी बोलणारा, आणि तिला तो आवडला नाही. "मी उद्या बोलते," ती म्हणाली. शुक्रवार गेला तर पुढचं सबमिशन सहा महिन्यांनी, कायमची नोकरी लागायची शक्यताही त्याबरोबर गेली, हा हिशोब डोक्यात आपोआप झाला आणि आपोआप बाजूला पडला.

रिक्षा जुहूवरून निघाली तेव्हा दोन वाजून गेले होते. उन्हानं समुद्र पांढरा झाला होता. लविना मनात वाक्यं जुळवत होती आणि एकही जुळत नव्हतं. तिनं फॉर्म आणले नव्हते. आणावेत का, या प्रश्नावर ती स्टाफरूममध्ये पाच मिनिटं उभी होती, आणि शेवटी दोरी परत बांधून टाकली. कुणाकडं जायचं? दांड्यात तिला घर असं एकच माहीत होतं: सुगंधाचं. फॉर्म नंबर सत्तेचाळीस. पाहणीआधी बाजार बघायला ती पहिल्यांदा आली, तेव्हा सुगंधानं ओळख ना पाळख, तिला घरी नेऊन चहा पाजला होता. पन्नाशीची बाई, नवरा होडीवर, दोन सुना. तेविसाव्या प्रश्नावर ती सगळ्यांत मोठ्यानं हसली होती. "मला काय धाड भरलीय?" असं म्हणाली होती, आणि आजूबाजूच्या दोघी-तिघीही हसल्या होत्या. लविनानं तिच्या फॉर्मवर नीट टिक केली होती. आता रिक्षात तिनं तेच वाक्य उलटसुलट करून पाहिलं, हसण्यात काही होतं का, डोळ्यांत काही होतं का. आणि तिच्या लक्षात आलं, की तिनं सुगंधाकडं बघितलंच नव्हतं. ती फॉर्मकडं बघत होती. आपलं चुकलं असेल, ती स्वतःला सांगत राहिली, सहदेव आपला केळीवाला, इथल्या बायकांचं वेगळं असेल, आणि ते नऊ फॉर्म खरंच बर्फाच्या कारखान्यामुळं असतील. आयुष्यात पहिल्यांदा तिला मनापासून वाटलं, की आपला प्रबंध खरा असू दे.

सुगंधा ओट्यावर बसून सुपात जवळा निवडत होती. तिनं वर बघितलं, डोळे बारीक केले. "कोण गो? कागदवाली ना तू?"

"हो मावशी."

"बस. सुकलीस. लगीन केलंस की नाय?"

"नाही केलं. मावशी, मी परत विचारायला आले. आज कागद नाहीये." लविनाला वाटलं होतं आपण हळूहळू विषयाकडं जाऊ, पण तोंडातून सरळ तेच निघालं. "छातीत काही आहे का तुमच्या? गाठ? मला खरं सांगा."

सुगंधाचे हात सुपात थांबले. ती हसली नाही. तिनं गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली, सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आत ये." आत अंधारं होतं आणि भिंतीवर खंडोबाच्या तसबिरीखाली बारीक दिवा होता. सुगंधानं दार लोटलं. मग लविनाचा हात धरला आणि पोलक्याच्या आत, डाव्या बाजूला, स्वतःच्या हातानं दाबून ठेवला. बोटांखाली ते लागलं. लिंबाएवढं, घट्ट, आणि दाबलं तरी जागचं न हलणारं. 

"तू आली होतीस तेव्हा सुपारीएवढी होती," सुगंधा म्हणाली.

"मावशी, तुम्ही मला तेव्हा..."

"तेव्हा कसं सांगणार होते गो? समोर भरलेला पाट." सुगंधाच्या बोलण्यात तक्रार नव्हती, एखाद्या नवख्या सुनेला समजावावं तशी ती समजावत होती. "पण बोहणी झाली तशी मी तुला हाक मारली. दोनदा मारली. तू चार पाट पलीकडं बसली होतीस त्या शेवंतीकडं. तू पेन वर केलंस आणि म्हणालीस, झालं मावशी तुमचं, तुमचं झालं."

लविनानं आठवून पाहिलं. खूप जोर लावून पाहिलं. पेन आठवत होतं, शेवंतीच्या पाटावरचे पापलेट आठवत होते, प्रत्येकीला सारखा वेळ द्यायचा हा नियम आठवत होता. हाक आठवत नव्हती. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यांत महत्त्वाची हाक असेल आणि ती तिच्यात कुठंच उमटली नव्हती.

"मग डॉक्टरकडं का नाही गेलात? घरी तरी सांगायचं कुणाला."

"तूच डॉक्टरकडं नेत होतीस ना? त्या जानूला नेलंस, पारूला नेलंस. म्हटलं, आपल्याकडं पण येईल परत. रोज बोहणी झाली की मी त्या फाटकाकडं बघायची. शिमग्यापर्यंत बघितलं."  बाहेर कुणीतरी बादली ओतली. "मंग सोडून दिलं. म्हटलं, एवढ्या जणींना इचारून गेली, लिहून घेऊन गेली, शिकलेली पोर. माझ्यात काय वंगाळ असतं तर ती आली असती. तू आली नायस, तेव्हा मी समजले, काय नसणार."

ती हे अगदी विश्वासानं म्हणाली. अजूनही तिच्या आवाजात तो विश्वास थोडा शिल्लक होता, आणि ती लविनाच्या तोंडाकडं बघत होती, आता ही काय सांगते म्हणून. लविनाचा हात तिथंच होता. तो तिनं काढला नाही, आणि सांगायला तिनं तोंड उघडलं.